स्वयंपाकघरात नेट का येत नाही?



मागल्या रविवारी वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो. वसाहतीतील एक भगिनी थांबून म्हणाल्या, "दादा, एक विचारू का? महिन्याच्या महिन्याला नेटचे पैसे भरतो, तरी पोरीला स्वयंपाकघरात नेट येत नाही. दुकानदार म्हणतो, चार हजारांचा राऊटर घ्या. घेऊ का?" मुलगी बारावीला, सीईटीचे वर्ग मोबाईलवर चालतात. भगिनी दोन घरची कामे करतात, यजमान गोदीत कंत्राटी. चार हजार म्हणजे त्या घरचा जवळजवळ दोन महिन्यांचा किराणा. "घ्या" असे तोंडावर सांगून मोकळे होण्याइतके हे सोपे नव्हते. संध्याकाळी येतो, असे आम्ही सांगितले.

हे घर पुनर्विकासात मिळालेले आहे. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत असा प्रश्न येतच नव्हता. खोली एकच, पेटी कुठेही टांगा, सगळ्यांना सारखेच मिळायचे. आता आपली पुष्कळ कुटुंबे चाळीतून इमारतीत जात आहेत. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांच्या घरात माणसे राहायला गेली. आनंदाची गोष्ट आहे. पण घर मोठे झाले की भिंती वाढतात, आणि नव्या इमारतींत कित्येक ठिकाणी आतल्या भिंतीसुद्धा लोखंड-काँक्रीटच्या असतात. वायफायच्या लहरींना विटेची भिंत त्रास देते, काँक्रीटची त्याहून अधिक, आणि लोखंडाचा पत्रा तर जवळजवळ वाटच अडवतो.

त्या घरी गेलो तर पेटी कुठे? बाहेरच्या दाराला लागून, शोकेसच्या खालच्या फळीवर, टीव्हीच्या मागे. शेजारी लोखंडी कपाट. जोडणीला आलेला पोरगा वायर जिथून आत आली तिथेच पेटी ठेवून गेला होता. त्याला त्या दिवशी आणखी पाच घरे करायची असणार, त्याचाही फारसा दोष नाही. मुलगी बसते घराच्या दुसऱ्या टोकाला, ओट्याखाली पाट टाकून. मध्ये दोन भिंती, फ्रिज आणि स्टीलच्या भांड्यांची मांडणी. "हॉलमध्ये का बसत नाहीस?" असे विचारले, तर ती म्हणाली, "तिथे आजोबांच्या बातम्या नि दादाची क्रिकेट असते." ती तक्रार म्हणून बोलली नाही, पण आई गप्प झाली. ज्या घरात जाऊ तिथे आम्हांला हेच दिसते. पेटी हॉलमध्ये, मुलगा हॉलमध्ये, आणि जिथे नेट पोहोचत नाही तो कोपरा नेमका मुलीचा.

आधी मोजमाप केले. वाचकांनीही एक रुपया खर्च करण्यापूर्वी हे करावे. मोबाईलवर वेग मोजण्याची सोय फुकट मिळते. प्रथम पेटीच्या शेजारी उभे राहून मोजावे, मग जिथे अडचण आहे तिथे. पेटीजवळच वेग कमी आला तर दोष वायफायचा नाही. तो लाईनचा किंवा कंपनीचा, आणि तिथे नवा राऊटर घेऊन काही उपयोग नाही, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. या घरी ४० एमबीपीएसची योजना होती. पेटीजवळ ३८ आले, ओट्यापाशी २. म्हणजे कंपनी माल पूर्ण देत होती, तो घरातल्या घरात सांडत होता. याच कंपनीचा माणूस फोनवर त्यांना १०० ची योजना घ्या म्हणून सांगत होता! ती घेतली असती तर बिल वाढले असते, वर १८ टक्के जीएसटी, आणि ओट्यापाशी पुन्हा तेच रडगाणे. मोबाईलवर वर्गाचा व्हिडिओ नीट दिसायला तीन-चार एमबीपीएस पुरतात. आम्ही कॉमर्सवाले, तंत्रज्ञ नव्हे, पण एवढा जमाखर्च आम्हांलाही कळतो.

मग पेटी टीव्हीमागून काढून शोकेसच्या माथ्यावर, डोक्याएवढ्या उंचीवर ठेवायचे ठरले. तेव्हा एक नाजूक प्रश्न निघाला. तिथे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती. आजी म्हणाल्या, "तिथे यंत्र नको." आम्ही वाद घातला नाही. बाजूला हातभर अंतरावर एक लाकडी फळी ठोकली, पेटी तिच्यावर गेली. कपाटापासूनही ती दूर झाली. फायबरची वायर हलवताना मात्र जपावे लागते. तिच्यात काचेचा केसासारखा तंतू असतो. काटकोनात दुमडली किंवा खिळ्याने दाबली की बोंब. वायर आखूड पडत असेल तर कंपनीच्या माणसाकडूनच वाढवून घ्यावी. आमचे काम हातभर सरकवण्यावर भागले. पुन्हा मोजले तर ओट्यापाशी ११. एका फळीचा खर्च!

इथे लहरींविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढची खरेदी त्यावरच अवलंबून असते. पेटी दोन प्रकारच्या लहरी सोडते: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर लांब पोहोचते, भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, शेजारच्या चाळीस घरांचे राऊटर, सगळे तिच्यावरच. तिच्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा म्हणजे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस बैलगाड्या आणि तीन वाटा, असा हिशेब. ५ ची लहर वेगवान, तिच्यावर वाटाही जास्त, पण भिंत लागली की दमते. म्हणून एकाच खोलीत ५ वापरावे, भिंतीपलीकडे २.४. पेटीच्या सेटिंगमध्ये दोघींना वेगळी नावे देता येतात; त्याने मोबाईल कोणावर आहे ते समजते.

दुकानात गेल्यावर खोक्यावर १२०० असा मोठा आकडा दिसतो. तो दोन्ही लहरींची बेरीज असतो, ३०० अधिक ८६७, आणि तीही प्रयोगशाळेतली. तुमच्या हातात ती कधीच येत नाही. अँटेना चार आहेत की आठ, यावर भुलू नये. पेटी कितीही ओरडली तरी मोबाईलचा बारीक आवाज तिला परत ऐकू यायला हवा, संभाषण दोन्हीकडून असते. पाहावे ते हे: दोन्ही लहरी आहेत ना, म्हणजे ड्युअल बँड. अगदी स्वस्तात मिळणारा ३०० चा राऊटर फक्त २.४ चा असतो, आणि त्याची केबल लावायची भोकेही बहुधा १०० एमबीपीएसच्या वर जात नाहीत. १०० च्या वरची योजना असेल तर गिगाबिट पोर्ट लागतोच. वायफाय ५ आणि ६ यांच्या किमतीत थोडाच फरक असेल तर ६ घ्यावा. बरीच उपकरणे एकदम चालतात तिथे त्याचा उपयोग होतो, मात्र मोबाईलही ६ चा असेल तरच. पक्के बिल घ्यावे. आणि फायबरची लाईन असेल तर कंपनीची पेटी काढून टाकायची नसते. आपला राऊटर तिच्या मागे केबलने जोडायचा असतो. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाहीत.

रिपीटर नावाची भिंतीला खोचायची डबी मिळते. लोक ती नेमकी जिथे नेट नाही तिथे खोचतात. जिथे पाणीच नाही तिथे नळ बसवून काय होणार? ती मूळ पेटी आणि अंधारा कोपरा यांच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावायची असते. साध्या रिपीटरमध्ये वेगही निम्म्यावर येतो, कारण एकाच तोंडाने ऐकायचे आणि बोलायचे. केबल टाकणे शक्य नसेल तरच तो घ्यावा. मेश नावाचे दोन-तीन पेट्यांचे संच चांगले असतात, पण ५०० फुटांच्या घराला ती चैन झाली.

या घरात आम्ही काय केले? जुन्या कंपनीचा, त्यांनी पूर्वी विकत घेतलेला राऊटर माळ्यावर धूळ खात पडला होता. बारा मीटर कॅट ६ केबल आणून भिंतीच्या कडेने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेली. अशी केबल शंभर मीटरपर्यंत वेग कमी न करता चालते. आमचा पुतण्या या कामात हुशार. त्याने जुन्या राऊटरचा पत्ता बदलला, त्यातली डीएचसीपी बंद केली (पत्ते वाटण्याचे काम दोघांनी केले तर भांडण होते), आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावली. काही कंपन्यांच्या पेट्या कुलूपबंद असतात, त्यांत हे जमत नाही. इथे जमले. ओट्यापाशी ३५. केबल, क्लिपा आणि फळी मिळून चारशे रुपयांच्या आत खर्च, आणि चार हजार वाचले.

पासवर्डविषयी एक गोष्ट संकोच सोडून लिहितो. आमच्या वसाहतीतील निम्म्या घरांचा पासवर्ड एक तर जयभीम आणि पुढे १२३, नाही तर बाबासाहेबांची जन्मतारीख. भावना आम्हांला कळते, पण ती शेजारच्या पोरांनाही कळते. आणि जोडणी ज्याच्या नावावर, तिच्यावरून कोणी काही भलते केले तर पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. पासवर्ड बारा अक्षरांहून मोठा, ओळखीचा नसलेला ठेवावा. पेटीच्या आतला ॲडमिन पासवर्डही बदलावा. शेजारच्या मुलाला परीक्षेपुरते द्यायचे तर जरूर द्यावे, त्यासाठी बहुतेक पेट्यांत पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क काढता येते. परीक्षा संपली की बंद.

आजींची एक शंका उरली होती. या लहरींनी डोके दुखते म्हणे, आणि त्यावर चिकटवायची चीप बाजारात मिळते. इतक्या क्षीण लहरींनी अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही, आणि चीप म्हणजे नव्या जमान्यातला ताईत. ताईत तर आजींनी १९५६ नंतर आपल्या आईच्या गळ्यातून काढलेला पाहिला आहे. त्या हसल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

ज्यांच्या घरी अशी अडचण असेल त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. पुतण्याही येणार आहे. येताना कागदावर घराचा साधा नकाशा काढून आणावा: पेटी कुठे, कपाट कुठे, आणि अभ्यासाला कोण कुठे बसते.