शिस्तीचा बडगा आणि परिचारिका-विद्यार्थिनी

गुरुग्राम जिल्ह्यातील मानेसर येथे 29 ऑगस्ट 2011 रोजी मारुती-सुझुकीचे कामगार सकाळच्या पाळीला कारखान्याच्या दारात आले, तेव्हा त्यांच्यापुढे एक कागद ठेवण्यात आला. 'सद्वर्तनाचे हमीपत्र' असे त्याचे गोंडस नाव. कामाचा वेग मंदावणार नाही, नियमावर बोट ठेवून काम करणार नाही, संप करणार नाही, असे त्यावर लिहून द्यावयाचे. सही करील तो आत, न करील तो बाहेर. सुमारे महिनाभर हजारो कामगार त्या दाराबाहेर राहिले. भाकरी हवी असेल तर स्वतःच्या वागणुकीचा गहाणखत लिहून द्या, हा मालकवर्गाचा आदेश त्या दिवशी देशाने उघड्या डोळ्यांनी वाचला.

त्याच गुरुग्राममध्ये मेदांता, आर्टेमिस, फोर्टिस यांसारखी अवाढव्य खाजगी रुग्णालये उभी आहेत. परदेशांतूनही रुग्ण तेथे उपचारांसाठी येतात. ही रुग्णालये केवळ यंत्रांवर आणि नामांकित डॉक्टरांवर चालत नाहीत. केरळ, मणिपूर, राजस्थान, हरियाणा येथून आलेल्या परिचारिकांच्या श्रमांवर ती रात्रंदिवस चालतात. कारखान्याच्या दारात कामगारापुढे जो कागद ठेवला गेला, तो या मुलींपुढे फार आधीच ठेवला जातो. सतरा-अठरा वर्षांची मुलगी परिचर्या महाविद्यालयात प्रवेश घेते, त्याच दिवशी बहुतेक ठिकाणी तिची आणि तिच्या पालकांची शिस्तपालनाच्या हमीवर सही घेतली जाते. कोणते वर्तन 'गैरवर्तन' ठरेल, ते पुढे संस्था ठरविणार. ही सही कोणत्या कामी येते, याचा धडा हरियाणाच्या राजधानीने, चंडीगडने, 2023 साली दिला.

छत्तीस मुलींचा 'अपराध'

चंडीगडची पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था ही केंद्र सरकारची, संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरविलेली संस्था. तिच्या राष्ट्रीय परिचर्या शिक्षण संस्थेतील पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना 30 एप्रिल 2023 रोजी पंतप्रधानांच्या 'मन की बात' या कार्यक्रमाचा शंभरावा भाग ऐकण्यासाठी सभागृहात हजर राहण्याचा हुकूम देण्यात आला. तो रविवार होता. छत्तीस विद्यार्थिनी गेल्या नाहीत. त्यांपैकी अठ्ठावीस तिसऱ्या वर्षाच्या आणि आठ पहिल्या वर्षाच्या. 3 मे रोजी आदेश निघाला : या छत्तीस जणींनी एक आठवडा वसतिगृहाबाहेर पाऊल टाकू नये.

त्यांनी कोणत्याही रुग्णाची हेळसांड केली नव्हती, औषध चुकविले नव्हते, रात्रपाळी टाळली नव्हती. सुटीच्या दिवशी एका राजकीय नेत्याचे नभोवाणीवरील भाषण ऐकले नाही, एवढाच त्यांचा अपराध. त्यासाठी प्रौढ, मतदानाचा हक्क असलेल्या स्त्रियांना स्थानबद्ध करण्यात आले.

प्रकरण वृत्तपत्रांत येताच संस्थेने बचाव पुढे केला. तज्ज्ञांची व्याख्याने ऐकविणे हा अभ्यासक्रमेतर उपक्रमांचाच भाग आहे, विद्यार्थिनींनी गैरहजेरीचे कारण दिले नाही, आणि महाविद्यालयाच्या अधिकाऱ्यांनी दाखविलेल्या अतिउत्साहाबद्दल संस्थेने नापसंती व्यक्त केलेली आहे, असे सांगण्यात आले. या बचावातील प्रत्येक वाक्य दुसऱ्या वाक्याचा गळा कापते. हा शिक्षणाचाच भाग असेल, तर गैरहजेरीची नोंद हजेरीपटावर व्हावी. दाराला कडी कशासाठी? शिक्षा योग्य असेल, तर नापसंती कशाची? आणि ती अयोग्य असेल, तर 'अतिउत्साह' हा सौम्य शब्द अधिकाऱ्यांसाठी आणि कोंडवाडा विद्यार्थिनींसाठी, ही विभागणी कोणत्या न्यायाची?

या प्रश्नावर कायदा मुका नाही. केरळमधील तीन शाळकरी मुले आपल्या धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण गात नसत. 1985 साली त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीतासारख्या सर्वमान्य गीताच्या बाबतीतही मौनाचा हक्क जर घटना मान्य करते, तर पंतप्रधानांचे भाषण न ऐकण्याचा हक्क परिचर्येच्या विद्यार्थिनीला नाही, हे कोणत्या तोंडाने सांगता येईल?

फिर्यादी तोच, न्यायाधीश तोच

चंडीगडचा आदेश बाहेर आला, म्हणून त्याचा गवगवा झाला. परंतु त्या आदेशाला शक्य करणारी रचना देशभरातील परिचर्या विद्यालयांत नित्याची आहे, आणि लढा त्या रचनेशी आहे.

कारखान्यातील कामगाराला दीर्घ लढ्यांनंतर काही किमान संरक्षण मिळाले. 1946 च्या स्थायी आदेशांच्या कायद्याखाली गैरवर्तनाची यादी लेखी असावी लागे, आरोपपत्र लेखी द्यावे लागे, खुलाशाची संधी द्यावी लागे, चौकशीत सहकाऱ्याची मदत घेता येई. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ताही मिळे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने स्थायी आदेशांसाठी कामगारसंख्येची मर्यादा 100 वरून 300 वर नेऊन हे संरक्षण असंख्य कामगारांच्या हातून काढून घेतले, ही गोष्ट वेगळी. तथापि तत्त्व तरी मान्य झाले होते.

परिचर्येच्या विद्यार्थिनीजवळ यांपैकी काय आहे? वॉर्डात ती रुग्णांची अंगपुसणी करते, ड्रेसिंग करते, रात्रपाळी करते. श्रमापुरती ती परिचारिका असते. हक्काचा प्रश्न येताच ती 'विद्यार्थिनी' होते, आणि संध्याकाळी वसतिगृहात परतल्यावर 'मुलगी' होते. वॉर्डातील कामाचा अहवाल, वर्गातील अंतर्गत गुण, वसतिगृहातून बाहेर पडण्याची परवानगी आणि शेवटी चारित्र्याचा दाखला, या सर्वांच्या दोऱ्या एकाच कार्यालयात जाऊन मिळतात. जो आरोप करतो तोच चौकशी करतो, तोच शिक्षा देतो आणि तोच पुढे तिचे गुण भरतो. अशा ठिकाणी 'माफीनामा लिहून दे' या शब्दांना चौकशी म्हणणे म्हणजे न्यायाची थट्टा होय.

निलंबनाचा घावही येथे इतर महाविद्यालयांपेक्षा खोल लागतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातील हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. वॉर्डाबाहेर काढलेला प्रत्येक दिवस म्हणजे लांबलेला अभ्यासक्रम, लांबलेली नोंदणी आणि कर्ज काढून शिकविणाऱ्या घरावर वाढलेले व्याज. म्हणूनच धमकी पुरेशी ठरते. शिक्षा करण्याची वेळ क्वचितच येते.

नैसर्गिक न्याय विद्यार्थ्यांना लागू नाही, हा समजही खोटा आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने तीन विद्यार्थ्यांचे म्हणणे न ऐकता त्यांचे निकाल रद्द केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली तो निर्णय अवैध ठरविला. संध्याकाळी मोबाईल जमा करण्यास नकार दिला म्हणून वसतिगृहातून काढलेल्या एका विद्यार्थिनीला केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये पुन्हा प्रवेश देवविला. हक्क कागदावर आहे. तो वसतिगृहाच्या दारापर्यंत पोहोचू दिला जात नाही.

'रुग्णाच्या जिवाचा प्रश्न'

या टीकेला व्यवस्थापनाचे एक ठरलेले उत्तर असते : परिचर्या हे जिवाशी खेळण्याचे काम नव्हे, येथे कडक शिस्त हवीच. हे उत्तर गांभीर्याने घेतले पाहिजे, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. हात धुणे, औषधाची मात्रा दोनदा पडताळणे, पाळी बदलताना रुग्णाची पूर्ण माहिती देणे, ही शिस्त प्राणरक्षक आहे. परंतु ती भयातून येत नाही. मात्रा चुकलेली दिसताच वरिष्ठाला थांबवून 'हे बरोबर नाही' असे म्हणणारी परिचारिका रुग्णाचा जीव वाचविते. तीन-चार वर्षे मान खाली घालण्याचे शिक्षण घेतलेली परिचारिका त्या क्षणी गप्प बसेल. मुकी परिचारिका व्यवस्थापनाला सोयीची असते. रुग्णाला ती धोक्याची असते.

खऱ्या गैरवर्तनाला संरक्षण द्यावे, असे कोणी म्हणत नाही. कोट्टायमच्या सरकारी परिचर्या महाविद्यालयाच्या वसतिगृहात कनिष्ठ विद्यार्थ्यांचा अमानुष छळ केल्याबद्दल फेब्रुवारी 2025 मध्ये पाच वरिष्ठ विद्यार्थ्यांना अटक झाली. अशा कृत्यांवर कठोर कारवाई झालीच पाहिजे. पण तेथे छळ महिनोन्महिने चालला आणि तो वसतिगृहाच्या देखरेखीला दिसला नाही! भाषणाला गैरहजर राहिलेल्या छत्तीस मुली तीन दिवसांत मोजता येतात आणि शेजारच्या खोलीतील किंकाळी ऐकू येत नाही, तेव्हा ही शिस्त विद्यार्थ्यांच्या रक्षणासाठी आहे, या दाव्यात काही अर्थ उरत नाही.

शाळेतून रुग्णालयापर्यंत एकच साखळी

ही शिस्त कोणाच्या उपयोगाची आहे, याचे उत्तर शिक्षण संपल्यावर मिळते. ऑक्टोबर 2011 मध्ये मुंबईच्या एका हृदयरोग रुग्णालयातील तरुण परिचारिकेने आत्महत्या केली. त्यानंतर तेथील परिचारिका संपावर गेल्या. सेवेचे बंधपत्र रद्द करा आणि अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रे परत द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. दिल्लीच्या गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात जून 2021 मध्ये परिचारिकांनी कामावर मल्याळममध्ये बोलू नये, अन्यथा कडक कारवाई होईल, असे परिपत्रक निघाले. तीव्र निषेध होताच ते दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांत परिचारिकांना किमान 20,000 रुपये, आणि 200 हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे, अशी शिफारस केली. शिफारस झाली, ती अमलात आणण्यासाठी मात्र परिचारिकांना राज्याराज्यांत पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

प्रवेशाचे हमीपत्र, वसतिगृहाची कडी, नोकरीचे बंधपत्र आणि अडकविलेले प्रमाणपत्र या एकाच साखळीच्या कड्या आहेत. विद्यालयात जिला नकार देण्याची सवय मोडायला लावली, ती रुग्णालयात कमी वेतनाला नकार देणार नाही, हा त्यामागील हिशेब आहे. मानेसरच्या दारात जे एका सकाळी मागितले गेले, ते येथे तीन-चार वर्षे शिकविले जाते.

म्हणून या विद्यार्थिनींचा बचाव ही दयेची बाब नसून कामगार चळवळीचे कर्तव्य आहे. मागण्या स्पष्ट आहेत. गैरवर्तनाची व्याख्या लेखी आणि मर्यादित असावी. लेखी आरोप, पुरावा पाहण्याचा हक्क, विद्यार्थी-प्रतिनिधीची मदत आणि संस्थेबाहेर अपील यांवाचून कोणतीही शिक्षा होऊ नये. चौकशी करणाऱ्याच्या हाती अंतर्गत गुण नसावेत. वसतिगृहातील स्थानबद्धता ही शिक्षा म्हणून कायमची रद्द व्हावी. निलंबनात बुडालेली प्रात्यक्षिके भरून देण्याची जबाबदारी संस्थेवर असावी. विद्यार्थिनींना संघटना करण्याचा हक्क मान्य व्हावा.

कामगार संघटनांच्या प्रत्येक शाखेने आपल्या शहरातील परिचर्या वसतिगृहाचा दरवाजा ओळखून ठेवावा. कारवाईची पहिली नोटीस निघेल त्या दिवशी त्या दारात आरोपित विद्यार्थिनी एकटी उभी असता कामा नये. चंडीगडच्या छत्तीस जणींनी सभागृहात न जाऊन, एकही घोषणा न देता, नकार देता येतो हे दाखवून दिले. त्या नकारामागे संघटित श्रमिकांचे बळ उभे करणे, हे पुढचे काम आहे.