नेट येईना? टाकीपासून नळापर्यंत पाहा!

मैत्रिणींनो, घरातलं यंत्र बंद पडायला मुहूर्त लागत नाही, असं आपण म्हणतो. माझा अनुभव उलटा आहे. ते मुहूर्त पाहूनच बंद पडतं! पाहुणे जेवायला यायचे त्या दिवशी मिक्सर जळतो, पुरण शिजत असताना गॅस संपतो. आणि नेट कधी जातं? त्याचीच ही हकीकत.

मी एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. सहामाहीचे गुण शाळेच्या संकेतस्थळावर चढवायची ती शेवटची रात्र होती. नववीच्या वर्गातली ४६ मुलं, आणि मुदत रात्री बारापर्यंत. गुणांचा तक्ता मी आमच्या जुन्या संगणकावर तयार करून ठेवला होता. मोबाईलवर ते पान धड उघडत नाही, निम्मे रकाने पडद्याबाहेरच राहतात. तासिकेवरच्या बाईंचं कसं असतं, ते तुमच्यापैकी कित्येकींना माहीत असेल. कायम शिक्षकांचा उशीर पोटात घातला जातो, आपला मात्र लक्षात राहतो. दिवाळीनंतर तास मिळणार की नाहीत, हे अशाच बारीकसारीक गोष्टींवर ठरतं.

गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट आम्ही दोन महिन्यांपूर्वी बंद केलं आणि सिमकार्ड घालायचा हॉटस्पॉट राउटर आणला. मोबाईल त्याच्या वायफायवर छान चालत होते. पण आमच्या संगणकात वायफायच नाही. तो वायरीनेच जोडावा लागतो, आणि तशी गरज त्या रात्रीपर्यंत पडलीच नव्हती. स्वयंपाकपाणी उरकून नऊ वाजता बसले, माळ्यावरून जुनी वायर काढली, एक टोक राउटरला, दुसरं संगणकाला जोडलं. झालं! कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा आणि खाली शब्द: ‘इंटरनेट नाही’.

हे फिरतीवर होते. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘ताई, परवा येतो.’ मी वायर काढली, घातली, संगणक बंद केला, चालू केला, राउटर बंद केला, चालू केला. सगळं एकदमच! काय केल्याने काय झालं याचा पत्ताच लागेना. दहा वाजून गेले. डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

सासूबाई आत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “अगं, नळाला पाणी आलं नाही की आपण काय करतो? आधी टाकी बघतो, मग पाइप, मग नळ. तू तर नळच आपटत बसली आहेस!”

त्यांना संगणकातलं काही कळत नाही. पण बोलल्या ते लाखमोलाचं. कागद-पेन्सिल घेतली आणि टाकीपासून सुरुवात केली. तुम्हीही तशीच करा.

पहिली पाहायची ती टाकी, म्हणजे राउटर. त्याच्यात मुळात नेट येतं आहे का? याची सोपी परीक्षा अशी: मोबाईलचा स्वतःचा डेटा बंद करायचा, फक्त राउटरचं वायफाय ठेवायचं आणि एखादं संकेतस्थळ उघडायचं. मोबाईलचा डेटा बंद करायला विसरू नका, नाहीतर मोबाईल आपल्याच सिमवर चालेल आणि राउटर चालतो आहे असं वाटेल. मोबाईलवरही काही उघडलं नाही तर दोष वायरीत शोधू नका. रिचार्ज संपला आहे का, दिवसाचा डेटा संपला आहे का, सिम नीट बसलं आहे का, रेंजचा दिवा कोणता लागला आहे, हे पाहा. कपाटाच्या आड ठेवलेला राउटर खिडकीपाशी नेल्यानेही पुष्कळदा काम होतं. माझ्या मोबाईलवर पान झटकन उघडलं. म्हणजे टाकी भरलेली होती.

दुसरा पाइप, म्हणजे वायर. वायर जिथे खोचतो तिथे, राउटरला आणि संगणकाच्या पाठीमागेही, बारीक हिरवा किंवा पिवळा दिवा असतो. वायर नीट जोडली गेली की तो लागतो आणि नेट वाहू लागलं की लुकलुकतो. माझ्या संगणकाचा दिवा लागलाच नव्हता! टॉर्च घेऊन पाहिलं तर वायरीच्या टोकाला प्लास्टिकची जी छोटी जीभ असते, जी ‘टक्’ आवाज करून अडकते, ती तुटलेली. टोक आत बसल्यासारखं दिसायचं, पण हाताचा धक्का लागला की मागे सरायचं. राउटरबरोबर खोक्यात आलेली आखूड वायर मी पिशवीसकट ठेवून दिली होती. (आपल्याकडे नवी वस्तू ‘लागेल तेव्हा’ म्हणून ठेवायची सवय!) ती काढून जोडली आणि दिवा लागला.

इथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्या. काही राउटरना वायरीची दोन भोकं असतात. एकावर ‘लॅन’ आणि दुसऱ्यावर ‘वॅन’ लिहिलेलं असतं. ‘वॅन’ हे बाहेरून नेट आत आणण्याचं दार. संगणक जोडायचा तो ‘लॅन’मध्ये. चुकीच्या भोकात वायर गेली तर दिवा लागतो, पण नेट येत नाही.

दिवा लागला म्हणून मी हुश्श केलं. पण ‘इंटरनेट नाही’ ते नाहीच. मैत्रिणींनो, दोष एकटा येतो असं समजू नका. एक निघाला की त्याच्यामागे दुसरा लपलेला असू शकतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदललं ते कागदावर लिहायचं आणि मग पुन्हा तपासायचं.

मध्यंतरी एक पळवाट सुचली. मोबाईल वायरीने संगणकाला जोडायचा आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिथरिंग’ चालू करायचं, की मोबाईलचंच नेट संगणकाला मिळतं. पण माझ्या मोबाईलमध्ये तो पर्याय फिकट दिसत होता, दाबलाच जाईना. कारण नंतर कळलं. साध्या यूएसबी वायरीत चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. स्वस्तातल्या कित्येक वायरींत फक्त विजेच्या दोनच असतात. त्यांनी चार्जिंग होतं, माहिती मात्र जात नाही, आणि वरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात. तुमचा हॉटस्पॉट खिशात मावणारा, यूएसबीने जोडायचा असेल तर आधी वायरच बदलून पाहा. ज्या वायरीने मोबाईलमधले फोटो संगणकावर घेता येतात ती खरी कामाची. अशा वायरीला मी आता लाल दोरा बांधून ठेवला आहे.

पळवाट बंद झाली, साडेदहा वाजले. शेवटी पुण्याला शिकणाऱ्या भाचीला, नणंदेच्या मुलीला, फोन लावला. ती म्हणाली, “मामी, घाबरू नकोस. स्टार्टवर जाऊन ‘सीएमडी’ टाइप कर. काळी खिडकी उघडेल. तिथे ‘आयपीकॉन्फिग’ असा सलग शब्द लिही आणि एन्टर दाब. मग ‘इथरनेट’खाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’पुढे काय आकडा आहे तो वाच.”

आता ही तिसरी पायरी, म्हणजे आपला नळ. जरा सावकाश सांगते, कारण सगळी मेख इथेच असते.

राउटर हा वाड्याच्या मालकासारखा असतो. जो कोणी जोडला जाईल त्याला तो खोलीचा क्रमांक देतो. आमच्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. तो त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. माझ्या मोबाईलला त्याने १९२.१६८.१.१०३ दिला होता. म्हणजे पहिले तीन आकडे तेच, शेवटचा वेगळा. वाडा एक, खोल्या निरनिराळ्या. आणि माझ्या संगणकाचा आकडा? १९२.१६८.१०.२५! वाडाच दुसरा!

भाची हसायलाच लागली. “मामी, पूर्वीच्या केबलवाल्याने तुमच्या संगणकात हा पत्ता हाताने भरून ठेवलेला आहे. संगणक अजून जुन्या घरच्याच पत्त्यावर बसलाय.” खरंच, घर बदलून दोन महिने झाले तरी जुन्या पत्त्यावरच पत्रांची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखं झालं होतं त्याचं.

उपाय दोन मिनिटांचा. ‘सेटिंग्ज’, मग ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘इथरनेट’. तिथे ‘आयपी असाइनमेंट’पुढे ‘मॅन्युअल’ लिहिलेलं होतं. ‘एडिट’ दाबून ते ‘ऑटोमॅटिक (डीएचसीपी)’ करायचं आणि जतन करायचं. म्हणजे ‘मालक देईल तो क्रमांक मी घेईन’ असं संगणकाला सांगितल्यासारखं झालं. जवळच ‘डीएनएस’ म्हणून आणखी एक ओळ वेगळी असली तर तीही ‘ऑटोमॅटिक’ करा. डीएनएस म्हणजे नेटची टेलिफोन डिरेक्टरी. आपण संकेतस्थळाचं नाव लिहितो आणि ती त्याचा आकडा शोधून देते. डिरेक्टरी जुनीच राहिली तर पत्ता बरोबर असूनही पान उघडत नाही. मात्र बदलण्यापूर्वी जुने आकडे वहीत उतरवून ठेवा किंवा मोबाईलने त्यांचा फोटो काढा. पुन्हा त्याच केबलवाल्याकडे जायची वेळ आली तर उपयोगी पडतात.

पृथ्वीचा गोळा गेला, त्या जागी छोट्या संगणकाचं चित्र आलं. अकराला दहा मिनिटं कमी होती. शेवटच्या मुलाचे गुण चढवून ‘सबमिट’ दाबलं तेव्हा घड्याळात अकरा चाळीस.

आणखी एक आकडा ओळखून ठेवा. तुमच्या संगणकाचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर समजा की मालकाने क्रमांक दिलाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक तात्पुरता क्रमांक लावून घेतला. अशा वेळी वायर आणि भोक पुन्हा तपासा, राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा आणि त्याला सगळे दिवे लावायला दोन-तीन मिनिटं द्या.

दोन गोष्टी मात्र घाईने करू नका. राउटरला टाचणीने दाबायचं एक बारीक छिद्र असतं. ते दाबलं तर वायफायचं नाव, पासवर्ड, सगळं पुसलं जातं आणि घरातले सगळे मोबाईल बंद पडतात. तसंच संगणकातलं ‘नेटवर्क रीसेट’. दोन्ही शेवटचे उपाय. पोट दुखलं म्हणून कोणी थेट ऑपरेशन करत नाही!

आणि नेट आल्यावर करायचं एक काम. वायरीने जोडलेल्या संगणकाला वाटतं की नेट भरपूर आहे, आणि तो गुपचूप मोठमोठे अपडेट उतरवायला लागतो. दिवसाचा ठरलेला डेटा असलेला प्लॅन असेल तर तो बघता बघता संपतो. म्हणून ‘इथरनेट’च्याच पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करून ठेवा. डेटा जपून वापरायचा आहे, हे त्याला कळतं. राउटर बॅटरीवर चालणारा असेल तर तो उन्हात किंवा गरम संगणकावर ठेवू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर तो त्या क्षणापासून वापरायचा नाही.

आठवणीसाठी थोडक्यात:

१. टाकी: मोबाईलचा डेटा बंद करून राउटरचं वायफाय चालतं का ते पाहा.
२. पाइप: दोन्ही टोकांचे दिवे लागले का? वायर ‘लॅन’मध्येच आहे का? यूएसबी वायर माहिती नेणारी आहे का?
३. नळ: संगणकाच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे राउटरशी जुळतात का? नसल्यास ‘ऑटोमॅटिक’ करा.
४. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत.

ही वही आता आमच्या संगणकाशेजारीच असते. पहिल्या पानावर राउटरचा पत्ता, सिमचा क्रमांक आणि रिचार्जची तारीख लिहिली आहे. फिरतीवरून परत आल्यावर यांनी ती चाळली आणि म्हणाले, “अरे वा, मलाही हे माहीत नव्हतं!” इतकी वर्षं ‘तू हात लावू नकोस, बिघडेल’ असं मला कोणी म्हटलं होतं, असं नाही हो. ते माझं मीच ठरवून टाकलं होतं. कुकरची शिटी अडकली तर आपण वाफ जाऊ देतो, झाकण उघडतो, भोक साफ करतो. तेव्हा कुठे कोणाला विचारतो? मग या डब्याला का भ्यायचं?

सकाळी चहा देताना सासूबाईंना सांगितलं, “आई, पाइपही तुटका होता आणि नळही बिघडलेला.” त्या म्हणाल्या, “मग टाकी तरी भरलेली होती ना? झालं तर!”