चवदार तळ्याचा पेला

२० मार्च २०२७ ला महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. स्मृतिचिन्हांच्या ऑर्डरी आपल्याकडे येतीलच, आणि त्या कशा असतील तेही ठरल्यासारखं आहे: तयार पांढरा मग, त्यावर बाबासाहेबांचा फोटो, खाली तारीख. लगेच हवेत.

असं काम घेऊ नका, असं म्हणणार नाही. भट्टीचा गॅस फुकट येत नाही. पण ही शताब्दी अस्पृश्य मानलेल्यांनी तळ्याचं पाणी पिण्याची आहे, आणि पाणी पिण्याची भांडी घडवणं हा आपला धंदा. शिवाय या इतिहासात मातीचं भांडं दुसऱ्या बाजूलाही उभं आहे. सत्याग्रहानंतर सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं ते शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या १०८ मातीच्या घागरी वापरून. त्या कुणा कुंभाराच्याच चाकावर झाल्या असणार. माहितीपत्रकात 'मातीशी नातं' वगैरे लिहिताना एवढं आठवावं.

छापील नक्षीला नाक मुरडायचं कारण नाही. १६ ऑगस्ट १८१९ ला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर संसदेत प्रतिनिधित्व मागणाऱ्या सभेवर घोडदळ घातलं गेलं. 'पीटरलू' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या हत्याकांडाची आठवण इंग्लंडच्या कुंभारांनी भांड्यांवर छापली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र पातळ कागदावर उतरवायचं, कागद भांड्यावर घासून बसवायचा. एका पत्र्यातून ढीगभर भांडी निघत. पण त्या चित्रात तलवार उपसलेला स्वार आणि टापांखालची माणसं दिसतात, म्हणजे वार कुणी केला ते कळतं. आपल्या मगावर नुसता चेहरा. तळ्याच्या पायऱ्या उतरणारी माणसं का नकोत?

रंगाचं म्हणाल तर आंबेडकरी चळवळीचा निळा आपल्या हातातलाच आहे. ग्लेझवर चिकटवून आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं डिकॅल रोजच्या घासणीनं उडतं. कोबाल्टचा निळा ग्लेझखाली गेला की स्टोनवेअरच्या तापमानालाही टिकतो. फक्त तो पसरतो, आणि देवनागरीत आधी अनुस्वार आणि वेलांट्या बुजतात. कोबाल्टमध्ये थोडं केओलिन मिसळा, अक्षर जाड घ्या, ग्लेझ पातळ ठेवा. डिकॅलच करायचं असेल तर ओठ लागतो तिथून ते खाली घ्या आणि रंगांत शिसं-कॅडमियम नाही याची पुरवठादाराकडून लेखी खात्री करून घ्या. चाचणीचे तुकडे पावसाळ्याआधी भट्टीत गेले तर बरं. मार्चच्या तोंडावर कुणालाच दुसरी भट्टी लावायला वेळ नसतो.