सुरुंगग्रस्तांचे पहिले वैद्य गावातच



सर्व निधी भूसुरुंग काढण्यावरच खर्च व्हावा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत उत्तर इराक व कंबोडियातील अनुभवाशी जुळत नाही. तेथे सुमारे ५,२०० गावकऱ्यांना प्रथम प्रतिसादक, म्हणजे जखमीपाशी सर्वांत आधी पोहोचून श्वासमार्ग मोकळा ठेवणारे व रक्तस्राव दाबून थांबवणारे, म्हणून तयार करण्यात आले आणि त्यांच्या पाठीशी १३५ प्रशिक्षित स्थानिक आरोग्यसेवक उभे राहिले. रुग्णालय गाठण्यास सरासरी पावणेसहा तास लागत असूनही जखमींचा मृत्युदर १९९७ मधील २३.९ टक्क्यांवरून २००१ मध्ये ८.८ टक्क्यांवर आला. जमीन सुरुंगमुक्त होण्यास दशके लागतात, आणि रक्तबंबाळ शेतकऱ्याला तेवढी उसंत नसते. मात्र मदतीला धावणाराही सुरुंगाचा बळी ठरू शकतो, म्हणून सुरक्षित वाट ठरवण्याचा धडा अशा प्रशिक्षणात सर्वांत आधी दिला जाणे अत्यावश्यक आहे.