फेफऱ्याची गोळी

पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेल्या त्या शिल्पात समोरची स्त्री मागे कोसळताना दिसते. डिचोलीकडच्या एका माऊलीने तेथेच मला विचारले, "हिला फेफरे आले आहे का हो?" कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूंनी पॅरिसमध्ये ज्या संमोहननिद्रेचा अभ्यास केला, ती ही निद्रा, असे मी सांगितले. परंतु माऊलीच्या प्रश्नामागे निराळेच दुःख होते.

तिच्या मुलास द्विध्रुवीय विकार आहे. कधी दिवसच्या दिवस झोप नको, उधळपट्टी आणि अखंड बडबड. तर कधी महिना महिना अंथरूण सुटत नाही. वॅल्प्रोएटच्या गोळ्यांनी तो सावरला, कामासही जाऊ लागला. पुढे सोयरीक जुळत असता कोणी त्या गोळ्या पाहिल्या व "ही तर फेफऱ्याची गोळी" असे उद्गार काढले. बोलणी थांबली. माऊलीने गोळ्याच बंद केल्या! थोड्याच आठवड्यांत मुलगा पुन्हा रात्र रात्र जागू लागला.

गोळी फेफऱ्याचीही आहे, हे खरे. परंतु तेवढ्यावरून मुलास फेफरे ठरत नाही. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत फ्रान्समध्ये काही नव्या औषधांची परीक्षा चालू होती. ती ज्या द्रवात विरघळवीत, तो द्रवच झटके थांबवितो असे आढळून आले. तेच वॅल्प्रोएट. १९६६ मध्ये तेथीलच मानसोपचारज्ञांनी त्याच कुळीच्या औषधाने मनाची भरती-ओहोटीही आवरते असे नोंदविले. कार्बामाझेपिन व लॅमोट्रिजिन या गोळ्याही अशाच दोन्हीकडे चालतात. (वॅल्प्रोएटने गर्भास अपाय होऊ शकतो; म्हणून घरातील लेकीसुनेस ते दिले असल्यास डॉक्टरांशी आधीच बोलावे.)

लिथियमची गोष्ट उलट आहे. ते झटक्यांवरचे औषध नव्हेच. रक्तात त्याचे प्रमाण फार वाढले तर तेच झटके आणते. मे महिन्याचा घाम, जुलाब, किंवा आयबुप्रोफेनसारखी अंगदुखीची गोळी एवढेही त्यास पुरते. हात फार कापणे, ओकाऱ्या, चाल अडखळणे ही पूर्वचिन्हे होत. ती दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आणि एकाएकी औषध तोडणे? मूळ विकार उलटतो. ज्यास पूर्वी झटका आला असेल त्यास तो पुन्हा येऊ शकतो. क्लोनाझेपामसारखी गोळी दीर्घकाळ घेऊन अकस्मात सोडल्यास कधी फेफरे न आलेल्यासही झटका येतो. गोळी कमी करावयाची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

माऊली मुलास घेऊन बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत गेली. औषध पुन्हा सुरू झाले आहे. सोयरिकीचे अजून कळलेले नाही.

झटका आलाच तर नाकाशी कांदा वा चप्पल धरू नये, तोंडात काही कोंबू नये. कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करावा.