मुलीला किती संधी?

नळदुर्गच्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मुलीने वही चाळली आणि जमाखर्चातल्या चुकीवर बोट ठेवले. ती सी.ए.ची तयारी करते आहे. तिची आई म्हणाली, "एकदा बसू दे. नाही झाली पास, तर उजवून टाकू."

या परीक्षेत प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात. मुलगा पुन्हा पुन्हा बसला तर ती चिकाटी. मुलगी बसली तर वर्षे वाया! वर दोन वर्षांची आर्टिकलशिप. त्यासाठी सोलापूरला रोज एस.टी.ने जावे, तर परतायला रात्र. तिथेच राहावे, तर खोलीभाडे आणि गावाची तोंडे.

१९३३ साली आर. शिवभोगम देशातल्या पहिल्या महिला हिशेबतपासनीस झाल्या. त्याआधी स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगला होता. त्यांनी पाडलेली वाट आपण बुजू द्यायची का?

मी त्या आईला एवढेच विचारले, "मुलगा असता तर किती वेळा बसू दिला असता?" ती गप्प राहिली. पुढच्या बैठकीत खोलीभाड्यासाठी गटातून कर्ज देण्याचा ठराव मी मांडणार आहे.

तुमच्या गावातही अशी मुलगी असेल. तिचे वय मोजण्याआधी तिला मिळालेल्या संधी मोजूया.