विहारासमोरचं अंगण पुरे

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या खेळासाठी मोठ्या शहरांत हॉटेलात जेवणाचे सोहळे होतात, देणग्या जमतात. जमू द्या. २०२३ मध्ये बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिक्समधून आपल्या खेळाडूंनी २०२ पदकं आणली. पण मेडशीसारख्या गावात पाहुणे आले की असं लेकरू आतल्या खोलीत बसवतात. मी नर्स होते, अशा खोल्या पुष्कळ पाहिल्या.

युनिफाईड खेळात ही मुलं आणि बाकीची मुलं एकाच संघात असतात. त्याला विहारासमोरचं अंगण, एक चेंडू पुरे. डाऊन सिंड्रोम असेल तर मात्र कोलांटउड्या नकोत, आधी डॉक्टरांना मान दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खेळातला सहभाग ही सरकारची जबाबदारी आहे. ताईंनो, मैदान आणि प्रशिक्षक ग्रामसभेत मागा, लेकराला सोबत नेऊन.